पिवळा दिवा

"यंदा दिवाळी अंकाला दिव्यांवर काहीतरी द्या," असे संपादकांनी सांगितले, तेव्हा मी मनाशीच हसलो. पणत्या, लामणदिवे आणि आकाशकंदील यांच्यावर लिहिणारी मंडळी या अंकात पुष्कळ असतील. या सदराच्या वाट्याला वर्षभर मोटारी येतात. तेव्हा मला ठाऊक असलेले दिवे एकाच जातीचे, ड्रायव्हरच्या पुढ्यात काचेमागे लागणारे. हे दिवे लागले म्हणजे कोणाच्या घरी आनंद होत नाही, एवढा फरक आहे खरा.

गाडीची चावी फिरवली, की इंजिन सुरू होण्यापूर्वी हे सगळे दिवे एकदम लागतात आणि इंजिन चालू झाले की एकेक विझतो. गाडी रोज सकाळी तुम्हांला आपले सगळे दिवे शाबूत असल्याचे दाखवते ती ही. किती जण पाहतात? माझ्या अनुभवात दहांतला एक. आणि खरी भीती वाटावी ती चावी फिरवूनही न लागणाऱ्या दिव्याची. जुनी गाडी विकताना इंजिनाचा दिवा आतून मारून टाकणारे महाभाग या पट्ट्यात कमी नाहीत. जुनी गाडी घ्यायला जाल तेव्हा रंग आणि गादी नंतर पाहा. आधी चावी अर्धी फिरवा आणि दिवे मोजा.

रंगांची भाषा सोपी आहे. तांबडा म्हणजे थांब. तेलाच्या झारीचे चित्र तांबड्या रंगात पेटले, तर "पुढच्या पंपापर्यंत जाऊ" असे म्हणायचे नाही; गाडी कडेला घेऊन इंजिन तिथल्या तिथे बंद करायचे. तेलाचा दाब गेल्यावर इंजिनाची बेअरिंगे जायला फार वेळ लागत नाही. बॅटरीचे तांबडे चित्र लागले तर पट्टा तुटला असण्याचा संभव असतो, आणि पुष्कळ इंजिनांत तोच पट्टा पाण्याचा पंपही फिरवतो. म्हणजे बॅटरीच्या मागोमाग इंजिन तापणार. पिवळा दिवा मात्र थांब म्हणत नाही. तो म्हणतो, "सवड काढ आणि मला पाहा." आणि माणसाला सवड नसते, म्हणून सगळे घोटाळे पिवळ्या दिव्याचे होतात.

गणपती होऊन गेल्यावर एका रविवारी आमच्या ओळखीतला एक तरुण चिंचवडला माझ्याकडे आला. त्याची स्वतःची पिकअप आहे, बीएस-६ डिझेल. भोसरीच्या एमआयडीसीतून सुटे भाग भरायचे आणि चाकणला, म्हाळुंगे-निघोजेकडच्या कारखान्यांत पोहोचवायचे, हा त्याचा धंदा. हंगामात चाकणच्या बाजारातून कांदाही भरतो. गाडी कर्जाची, हप्ता महिन्याला एकोणीस हजार. चहा पुढे ठेवला तरी त्याने कपाला हात लावला नाही.

"काका, गाडी विकून टाकावी म्हणतो."

"का रे बाबा?"

"अ‍ॅव्हरेज पार गेलंय. पहिल्यांदा तेरा द्यायची, आता दहासुद्धा देत नाही. आणि तो पिवळा दिवा. जूनपासून लागतोय."

दिव्यापायी काय काय केले त्याची त्याने यादीच वाचली. एकाने हवेचा आणि डिझेलचा फिल्टर बदलला. दुसऱ्याने इंजेक्टर साफ केले. तिसऱ्याने सायलेन्सरमधला एक सेन्सर बदलून आठ हजार घेतले. मधल्या काळात तीन-चार वेळा कोणीतरी स्कॅनर लावून दिवा 'काढून' दिला, दर खेपेला तीनशे रुपये. दिवा चौथ्या दिवशी हजर. शेवटच्याने सांगितले, की सायलेन्सरमधली जाळी भरली आहे, नवी घ्यायची तर लाखाच्या घरात जाईल. त्यापेक्षा ती फोडून आतून पोकळ करू, कॉम्प्युटरमध्ये थोडी फिरवाफिरव करू, पंचवीस हजारांत कायमची ब्याद जाईल. पोराने पैशांची जुळवाजुळवसुद्धा सुरू केली होती.

ही जाळी काय प्रकरण आहे ते सांगितले पाहिजे. पुण्याला बीएस-४ चे नियम २०१० सालीच लागू झाले, कारण त्या वेळच्या तेरा शहरांच्या यादीत पुणे होते. बाकी सगळ्या देशाला ते लागू व्हायला १ एप्रिल २०१७ उजाडले. मग पाचवी पायरी गाळून १ एप्रिल २०२० पासून सगळीकडे एकदम बीएस-६ आले. डिझेलमधले गंधक दहा लाख भागांत पन्नास भाग असायचे, ते दहावर आणले. आणि डिझेल गाड्यांच्या धुराच्या वाटेत मधाच्या पोळ्यासारखी एक सच्छिद्र जाळी आली. तिला डीपीएफ म्हणतात. धुरातली काजळी ती धरून ठेवते. म्हणून नव्या गाडीमागे उभे राहिले तर काळा लोट तोंडावर येत नाही.

पण धरलेली काजळी कुठेतरी जायला हवी. ती जाळीतच जाळावी लागते, आणि त्यासाठी साडेपाचशे-सहाशे अंश सेल्सिअसची उष्णता लागते. गाडी नाशिक रस्त्याला मोकळी धावत असेल तर काही काम आपोआप होते. एरवी गाडीचा कॉम्प्युटर युक्ती करतो: सिलिंडरमधला स्फोट होऊन गेल्यावर थोडे डिझेल मागाहून सोडतो, ते पुढे धुराच्या वाटेत जळते आणि जाळी तापवते. पंधरा-वीस मिनिटांचे काम. तेवढा वेळ गाडी चालती राहिली पाहिजे आणि मुळात इंजिन नीट तापलेले पाहिजे. नाहीतर हे काम सुरूच होत नाही, किंवा अर्ध्यावर राहते. मागाहून सोडलेले डिझेल वाया जाते आणि त्यातले काही सिलिंडरच्या भिंतीवरून उतरून खालच्या ऑइलमध्ये मिसळते.

आता मोशी ओलांडून चाकणचा तळेगाव चौक संध्याकाळी ज्यांनी गाठला आहे, त्यांनी सांगावे, की सलग वीस मिनिटे कोणती गाडी धावते? मला पहिला संशय त्या रस्त्याचाच आला. खोटे कशाला बोलू, पोराला "हा रस्त्याचा दोष आहे" असे सांगून मी मोकळा होणार होतो.

पण सवयीने विचारले, "अ‍ॅव्हरेज काढतोस कसं?"

"दोन हजारांचं टाकतो, आणि काटा खाली येईपर्यंत किती चालली ते बघतो."

याला मोजणे म्हणत नाहीत. टाकीचा काटा हा फार सभ्य साक्षीदार नाही. टाकी काठोकाठ भरावी, पंपाची नळी आपोआप बंद पडेल तिथे थांबावे, किलोमीटर लिहून घ्यावे. मग गाडी नेहमीसारखी चालवून त्याच पंपावर, जमल्यास त्याच नळीवर, पुन्हा तशीच भरावी. दुसऱ्यांदा जितके लिटर बसले त्याने मधल्या किलोमीटरांना भागावे. हे एकदा नव्हे, दोनदा करावे. मी त्याला आठवड्याने परत बोलावले. पठ्ठ्याने वहीत लिहून आणले होते: ४२८ किलोमीटर, ४२ लिटर. म्हणजे दहाच्या किंचित वर. दुसरी खेपही तेवढीच. तक्रार खरी होती.

महिन्याला त्याचे तीन हजार किलोमीटर सहज होतात. रोज १२० धरा, २६ दिवस. तेराच्या हिशेबाने २४० लिटर लागतात, दहाच्या हिशेबाने ३१२. बहात्तर लिटर जास्त. लिटरला ९० रुपये धरले तर साडेसहा हजारांच्या आसपास. हप्त्याचा तिसरा हिस्सा धुरावाटे जात होता. पोराचे चहावरून लक्ष का उडाले होते ते मला तेव्हा उमजले.

त्या दिवशी त्याचे वडीलही बरोबर आले होते. त्यांना सगळे अण्णा म्हणतात. आयुष्यभर मॅटाडोर चालवलेला माणूस. आकुर्डीच्या बजाज टेम्पोची ती गाडी. कंपनी १९५८ ची, २००५ पासून फोर्स मोटर्स नावाने ओळखली जाते. 'टेम्पो' हे मूळ हँबर्गच्या एका जर्मन कारखान्याच्या गाडीचे नाव. आपण ते इतके घरचे करून टाकले, की कोणत्याही कंपनीची मालगाडी दारात आली तरी आपण "टेम्पो आला" असेच म्हणतो. अण्णा मुलाच्या पिकअपलाही टेम्पोच म्हणतात. ते ओट्यावर बसून राहिले, काही बोलले नाहीत.

मी आधी फुकटातल्या गोष्टी पाहिल्या. हवा मोजली. मागच्या दोन्ही चाकांत दाराजवळच्या पट्टीवर लिहिल्यापेक्षा चौदा पौंड कमी. भरलेली गाडी मऊ टायरवर ओढायची म्हणजे वाळूतून बैलगाडी हाकण्यासारखे. थोडे डिझेल तिथेच चालले होते. थोडी चालवून आणल्यावर चाकांच्या ड्रमजवळ हात नेऊन पाहिला. एकही दुसऱ्यापेक्षा जास्त तापलेला नव्हता, म्हणजे ब्रेक धरत नव्हते. मग ऑइलची पट्टी ओढली. ऑइल वरच्या खुणेच्याही बोटभर वर.

"बघा काका," पोरगा म्हणाला, "इंजिन तेल अजिबात पीत नाही. उलट वाढतंच."

तेल वाढत नसते. वाढले ते डिझेल होते. वास घेतला, बोटांवर चोळून पाहिले, पातळ. म्हणजे जाळी जाळण्याचा खटाटोप पुन्हा पुन्हा होत होता आणि फसत होता. डिझेल मिसळलेल्या तेलावर इंजिन चालवणे हे तांबडा दिवा स्वतःहून बोलावण्यासारखे आहे. तीन गॅरेजांत कोणी ही पट्टी ओढली नव्हती.

स्टिअरिंगखाली सोळा पिनांचे एक सॉकेट असते. त्यात स्कॅनर लावला. दोन सांकेतिक क्रमांक निघाले. एक पी २४६३. म्हणजे जाळीत काजळी साचली आहे. सगळ्यांनी हाच वाचला होता. दुसरा पी ०१२८. तो सांगत होता, की इंजिनाचे पाणी हवे तितके तापत नाही. हा दुसरा क्रमांक कोणाला महत्त्वाचा वाटला नाही, कारण इंजिन तापण्याची तक्रार घेऊन माणसे येतात. इंजिन तापत नाही अशी तक्रार घेऊन आपल्याकडे कोण येतो? आणि दर खेपेला दिवा 'काढून' देताना या साक्षीदाराचे तोंड बंद होत होते.

मी स्कॅनर लावलेलाच ठेवला आणि आम्ही तिघे स्पाइन रोडने मोशीपर्यंत जाऊन आलो. पाऊण तास गाडी चालली, आणि पाण्याचे तापमान ६४ अंशांच्या वर गेले नाही. पाहिजे ८५-९०.

"काटा नेहमी खालीच असतो," पोरगा म्हणाला. "मला वाटायचं, गाडी थंड राहते ते चांगलंच."

"थर्मोस्टॅट वॉल्व्ह उघडा अडकलाय," मी म्हटले. "नाहीतर—"

"नाहीये तो," मागून अण्णा म्हणाले.

गाडीत क्षणभर कोणी बोलले नाही. परत आल्यावर अण्णांनी सीटखालची हत्यारांची पेटी ओढली आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक वस्तू माझ्या हातावर ठेवली. मे महिन्यात खेडच्या पुढे गाडी तापली होती. मुलगा तापाने घरी होता, अण्णा स्वतः कांदा घेऊन निघाले होते. रस्त्याकडेच्या एका मिस्त्रीला त्यांनीच सांगितले, "वॉल्व्ह काढून टाक." काढला, पाणी भरले, गाडी तापायची थांबली. मुलाला सांगायचे राहून गेले. मग जूनमध्ये दिवा लागला, आणि दिव्याचा या गोष्टीशी संबंध असेल असे त्यांच्या ध्यानातही आले नाही.

पोरगा काहीतरी बोलणार होता. आठ हजारांचा सेन्सर त्याच्या ओठांवर आलेला मला दिसत होता. मी त्याला म्हटले, "थांब. तरुणपणी भोसरीच्या गॅरेजात मी स्वतः असे पन्नास वॉल्व्ह काढले असतील. गाडी तापते? काढ वॉल्व्ह. हीच आमची विद्या होती."

आणि ती विद्या त्या काळी पचतही होती. जुन्या इंजिनात डिझेलचा पंप यांत्रिक. पाणी साठ अंशांवर आहे की नव्वद, त्याला कळायचे कारण नव्हते. नुकसान तेव्हाही व्हायचे. थंड इंजिनात तेल जाड राहते, सिलिंडर लवकर झिजतात, डिझेल थोडे जास्त जाते. पण ते वर्षांनी दिसायचे, आणि दिसायचे तेव्हा वॉल्व्हचे नाव कोणी घेत नसे. आजच्या इंजिनाचा कॉम्प्युटर पाण्याचे तापमान पाहून डिझेल मोजतो. चौसष्ट अंश दिसले, की त्याला वाटते, इंजिन अजून सकाळचे थंडच आहे. तो डिझेल जास्त देतो. जाळी जाळायचे काम पुढे ढकलतो, किंवा कसेबसे सुरू करून सोडून देतो. जाळी भरत जाते, धुराची वाट कोंडते, इंजिनाला जोर जास्त लागतो, अ‍ॅव्हरेज आणखी पडते. दिवा आणि अ‍ॅव्हरेज या दोन तक्रारी नव्हत्याच. बोटभर लांबीची एक वस्तू जागेवर नव्हती.

ती वस्तू बिघडली होती का, हे पाहणे सोपे असते. पितळेच्या डबीत मेण असते. ते ठरावीक उष्णतेला वितळून फुगते आणि झाकण उचलते. मी स्वयंपाकघरातून एक पातेले आणले, पाण्यात वॉल्व्ह दोऱ्याने टांगला आणि थर्मामीटर सोडला. अण्णा खुर्ची ओढून जवळ बसले. सत्तर झाले, काही नाही. ऐंशी झाले. ब्याऐंशीच्या पुढे काटा सरकला तेव्हा झाकण अलगद उचलू लागले, आणि पाणी उकळायच्या आत पुरते उघडले. गॅस बंद केल्यावर पुन्हा मिटले.

"म्हणजे हा चांगला होता?" अण्णांनी विचारले.

"अगदी चांगला."

"मग गाडी तापली कशानं?"

पुढची जाळी काढून रेडिएटरवर बॅटरीचा उजेड मारला. पत्र्यांच्या फटींत चाकणची धूळ आणि तिच्यात रुतलेली कांद्याची साले. मधला हातभर भाग लिंपल्यासारखा बंद. वारा जाणार कुठून? दर हंगामात कांदा भरणाऱ्या गाडीचे रेडिएटर बाहेरून धुवायला हवे, तेही आतल्या बाजूने बाहेर, आणि पाण्याचा जोर बेताचा ठेवून. नाहीतर पातळ पाती वाकून फटी कायमच्या मिटतात. अण्णांनी स्वतः ते काम केले. मी पाइप धरतो म्हटले तर धरू दिला नाही.

बाकीचे थोडक्यात सांगतो. नवा वॉल्व्ह नव्या वॉशरसह बसवला. तो हजार रुपयांच्या आतच आला. नुसते नळाचे पाणी काढून कंपनीने सांगितलेले कुलंट योग्य प्रमाणात भरले. डिझेल मिसळलेले ऑइल काढून नवे भरले. तेही बीएस-६ साठीचे, कमी राखेचे, कारण काजळी जळते पण ऑइलची राख जाळीत जळत नाही, ती साचतच राहते. मग मोकळ्या जागेत, जवळपास वाळलेले गवत नाही असे पाहून, स्कॅनरवरून जाळी उभ्या उभ्या जाळून घेतली. त्या वेळी सायलेन्सरच्या तोंडाशी कोणी उभे राहू नये. तिथली वाफ भाजून काढते. जाळी शाबूत निघाली. लाख रुपये वाचले आणि पंचवीस हजारही.

ती फोडली असती तर? दिवा गेला असता, हे खरे. थंड इंजिन तसेच राहिले असते, ऑइलमध्ये डिझेल उतरले नसते कदाचित, पण अ‍ॅव्हरेज पुरते आले नसते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर प्रदूषणाच्या कलमाखाली दहा हजारांपर्यंत दंड होऊ शकतो आणि लायसेन्सही तीन महिने जाते. आणि तळेगाव चौकातल्या रांगेत त्या गाडीमागे दुसरी पिकअप असते, तिच्यात दुसऱ्या कोणाचा मुलगा बसलेला असतो.

एक सूचना मात्र सगळ्या पिकअपवाल्यांना. जाळीचा पिवळा दिवा एकटाच लागला असेल, बाकी सगळे ठीक असेल, तर गॅरेज गाठण्यापूर्वी मोकळ्या रस्त्यावर एक गिअर खालचा ठेवून वीस मिनिटे एकसारखी गाडी चालवा. बहुधा दिवा जातो. सोबत इंजिनाचाही दिवा असेल किंवा गाडी ओढत नसेल, तर ही युक्ती करू नका. क्रमांक वाचून घ्या, सगळे घ्या, आणि पुसण्यापूर्वी कागदावर लिहून घ्या.

परवा पोराने वही दाखवली. नव्या दोन टाक्यांचा हिशेब साडेबाराच्या आसपास येतो. तेरा नाहीत. उरलेले अर्धे किलोमीटर चौकात उभ्या गाडीत जळतात. तासाला अर्धा-पाऊण लिटर. त्यावर माझ्याकडे वॉल्व्ह नाही. पाण्याचे तापमान मात्र अठ्ठ्याऐंशीवर उभे असते, आणि अण्णा रोज सकाळी चावी अर्धी फिरवून दिवे मोजतात, असे तो सांगत होता.

जुना वॉल्व्ह अण्णांनी मागून नेला. पातेलेही त्यांनाच देऊन टाकावे लागले. वॉल्व्हला कुलंट लागलेले होते, आणि कुलंट विषारी असते, हे मी सांगण्यापूर्वीच आमच्या मंडळींनी पातेले ओट्यावरून उचलून अंगणात ठेवले होते. ते हल्ली पिकअपच्या सीटखाली असते. अण्णा ओळखीच्या ड्रायव्हरांचे वॉल्व्ह त्यात तपासून देतात.